क्यूच्या टोकावरची टिकली

आजचा विषय एवढासा आहे. अक्षरशः एवढासा. नऊ-दहा ते तेरा मिलिमीटर रुंदीची, चामड्याची एक गोल चकती. बिलियर्ड्स, स्नूकर किंवा पूल खेळणाऱ्याच्या हातात जी लांब, निमुळती काठी असते, तिला क्यू म्हणतात. त्या क्यूच्या टोकावर ही चकती चिकटवलेली असते. खेळाडू तिला नुसते ‘टिप’ म्हणतात. कपाळावर टिकली असावी तशी ती क्यूवर बसते आणि टिकलीसारखीच केव्हातरी निघून पडते.

वांद्रे-खारच्या बाजूला हा खेळ पूर्वी जिमखान्यांच्या आणि क्लबांच्या भिंतींआड होता. १९९० नंतर पूलची लहान टेबले आली आणि तो बाहेर पडला. कॉलेजची मुलेमुली खेळू लागली. स्नूकरचे मोठे टेबल बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद; वांद्र्याच्या फ्लॅटमध्ये ते आणले तर घरच्यांना जिन्यात झोपावे लागेल. पण क्यू काय, कपाटामागे मावते. म्हणून हौशी खेळाडू निदान क्यू तरी स्वतःची घेतो. आणि मग एके दिवशी टिप झिजते, फाटते किंवा उडून जाते. घरातला पहिला प्रश्न ठरलेला, “आता काय, नवी क्यू घ्यायची?”

नाही. टिप बदलायची. तीही घरी, अर्ध्या-पाऊण तासात. कशी, ते पुढे पाहूच. पण त्याआधी ही टिकली तिथे आली कशी, हे जाणून घेण्यासारखे आहे. कारण हा खेळ राजेरजवाड्यांचा आणि साहेबांचा म्हणून ओळखला जातो, आणि या चकतीचा इतिहास मात्र एका कैद्यापासून सुरू होतो आणि क्लबातल्या नोकरमाणसांच्या हातून पुढे सरकतो.

सुरुवातीला क्यू नव्हतीच. सतराव्या शतकात युरोपात बिलियर्ड्स खेळत ते ‘मेस’ नावाच्या दांडक्याने. त्याच्या एका टोकाला लाकडी ठोकळा असे आणि त्याने बॉल मारण्यापेक्षा ढकललाच जाई. बॉल टेबलाच्या कडेला चिकटला की तो ठोकळा आडवा येई. मग खेळाडू दांडके उलटे करत आणि मागच्या बारीक टोकाने बॉल मारत. फ्रेंच भाषेत शेपटीला ‘क्यू’ म्हणतात. दांडक्याची शेपटी ती क्यू. बसच्या रांगेला आपण मुंबईकर क्यू म्हणतो, तोही हाच शब्द. रांग म्हणजे शेपूटच की!

हळूहळू खेळाडूंना ही शेपटीच बरी वाटू लागली आणि ठोकळा मागे पडला. पण शेपटीचे टोक होते नुसत्या लाकडाचे. लाकूड कडक आणि गुळगुळीत, बॉलही कडक आणि गुळगुळीत. बॉलच्या बरोबर मध्यावर मारले तर ठीक. थोडे वर, खाली किंवा बाजूला मारले की क्यू सटकलीच. टोक खरखरीत व्हावे, त्याला जरा चुना लागावा, म्हणून खेळाडू क्यू उचलून छताच्या किंवा भिंतीच्या गिलाव्यावर घासत. बिलियर्ड्सच्या खोल्यांची छते त्यामुळे खळगे पडून खराब होत. एवढे करूनही बॉलला हवी तशी फिरकी देता येत नसे. बॉल सरळ जाई, तेवढेच.

या अडचणीतून वाट काढली ती फ्रान्सच्या पायदळातल्या एका कप्तानाने. त्याचे नाव फ्रान्स्वा मँगो. दक्षिण फ्रान्समधल्या निम शहराजवळच्या ल कैलार या गावात १७७१ साली तो जन्मला. राजकीय कारणावरून तो पॅरिसच्या तुरुंगात पडला आणि तिथे त्याला बिलियर्ड्सचे टेबल मिळाले. वेळ तर भरपूर होताच. १८०७ च्या सुमारास त्याने क्यूच्या टोकाला चामड्याचा तुकडा बसवला, असे या खेळाचे इतिहासकार सांगतात. चामडे थोडे दबते, बॉलला क्षणभर धरते आणि मग सोडते. टोक दबते म्हणून पकड मिळते. पकड मिळते म्हणून मध्यापासून दूर मारता येते. आणि मध्यापासून दूर मारले की बॉल फिरतो.

मँगोच्या बाबतीत एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. शिक्षा संपली तेव्हा त्याने म्हणे आणखी काही दिवस आत राहू द्या, अशी विनंती केली. अभ्यास पुरा व्हायचा होता! गोष्ट खरी की रचलेली, हे बाजूला ठेवू. पुढचा भाग मात्र नोंदलेला आहे. बाहेर आल्यावर तो प्रयोग करून दाखवू लागला. त्याने मारलेला बॉल दुसऱ्या बॉलला भिडून चक्क मागे फिरे. पाहणारे थक्क होत. १८२७ साली त्याने पॅरिसमध्ये या खेळावर पुस्तक काढले. लंडनचे टेबलनिर्माते जॉन थर्स्टन यांनी १८३० साली ते इंग्रजीत आणले. १८४७ साली मँगो रॉटरडॅममध्ये वारला.

चामड्याच्या या तुकड्याचे गणित मांडायलाही मोठा माणूस लागला. वादळे उत्तर गोलार्धात एका दिशेने आणि दक्षिण गोलार्धात उलट दिशेने का फिरतात, हे सांगताना शाळेत ज्याचे नाव येते, तो कोरिऑलिस. त्याने १८३५ साली बिलियर्ड्सच्या गणितावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. टिप आणि बॉल यांची गाठ पडते ती सुमारे एका सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती. तेवढ्यात सारा निकाल लागतो. बॉलच्या मध्यापासून त्रिज्येच्या साधारण निम्म्या अंतरापर्यंत टिप पकड ठेवते. त्यापलीकडे मारले की ती घसरते.

चामडे आले, पण चामडेही वापराने गुळगुळीत होते. त्यावर उपाय काढला तो इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या जॅक कार या माणसाने. हा कोणी उमराव नव्हता. बार्टली नावाच्या गृहस्थांच्या बिलियर्ड्सच्या खोल्या होत्या आणि कार तिथे मार्कर होता. मार्कर म्हणजे गुण मांडणारा, टेबल झाडणारा, क्यू नीट ठेवणारा नोकर. १८२० च्या आसपास कार टिपेला खडूची पूड लावून बॉलला अशी काही फिरकी देऊ लागला की लोक बुचकळ्यात पडले. आपली पूड काही जादूची आहे, असे भासवून त्याने ती डब्यांतून विकली आणि चांगले पैसे केले. आत होता साधा खडू. चतुर माणूस! इंग्लंडमधला बिलियर्ड्सचा पहिला अजिंक्य खेळाडू म्हणून त्याचे नाव घेतात.

आज टेबलाच्या कडेवर जो निळा चौकोनी चॉक दिसतो, तो मात्र खडू नव्हे. १८९७ साली शिकागोच्या परिसरातल्या विल्यम स्पिंक्स या खेळाडूने आणि विल्यम हॉस्किन्स या रसायनज्ञाने त्याचे पेटंट घेतले. त्यात वाळूच्या जातीचे सिलिका आणि कुरुंदासारखा कठीण पदार्थ असतो. चामड्याच्या धाग्यांत हे बारीक कण अडकतात आणि बॉलला पकडतात. म्हणून टिप नुसती असून भागत नाही, ती चॉक धरणारी असावी लागते. हे लक्षात ठेवा. टिप बदलताना उपयोगी पडेल.

आता आपल्याकडे येऊ. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने पावसाळ्यातला वेळ घालवण्यासाठी बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत बॉल वाढवले आणि स्नूकर जन्माला आला. पुढे १८८२ साली उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहून लावले गेले. आज जगभर खेळला जाणारा हा खेळ आपल्या मातीतला आहे, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. पण त्याच १८७५ साली मुंबईत आझाद मैदानाच्या टोकाला बॉम्बे जिमखाना सुरू झाला आणि त्याचे सभासदत्व फक्त युरोपियनांसाठी होते. भायखळा क्लबाचीही तीच तऱ्हा. खेळ आपल्या मातीतला खरा, पण टेबल आपले नव्हते. पुढे पारशी, हिंदू, मुसलमान, कॅथलिक अशा एकेका समाजाचे जिमखाने उभे राहिले. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या नावाचा क्लब पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस निघाला, तो हिंदी आणि युरोपियन दोघांनाही घेणारा म्हणूनच गाजला.

या सगळ्या क्लबांत एक हिंदी माणूस मात्र पहिल्या दिवसापासून टेबलाजवळ होता. तो म्हणजे मार्कर. इंग्लंडमधला शब्द इथे आला आणि रुजला; आजही आपल्या क्लबांत त्याला मार्करच म्हणतात. टेबलावरच्या हिरव्या कापडाला लव असते. ती एकाच दिशेने झाडायची, मग इस्त्री फिरवायची, हे काम मार्करचे. गुण मांडायचे त्याने. क्यू भिंतीला तिरकी टेकवून ठेवली की वाकते, म्हणून ती मांडणीत सरळ उभी करायची त्याने. साहेबाला जोडीदार नसला तर दोन डाव खेळायचेही त्यानेच. आणि टिप उडाली की रात्री बसून नवी चिकटवायची, तीही त्यानेच. त्या काळी सरस गरम करून लावत आणि सुकायला वेळ देत. सकाळी साहेब येई तेव्हा क्यू तयार.

वर्षानुवर्षे टेबलाशी उभा राहणारा हा माणूस खेळात कच्चा कसा असेल? पण त्या काळच्या हौशी खेळांच्या नियमांत एक अडसर होता. खेळाच्या कामाचा पगार घेणारा तो व्यावसायिक, आणि व्यावसायिकाला हौशी स्पर्धेचे दार बंद. ज्याच्याकडे दुसरे उत्पन्न आहे तो हौशी. ज्याचे पोट टेबलावर आहे तो बाहेर. भिंतीवरच्या फलकांवर सोनेरी अक्षरांत नावे चढली ती सभासदांची.

अशा माणसांच्या हातात काय ताकद होती, हे दुसऱ्या एका खेळात जगाने पाहिले. पेशावरजवळच्या खेड्यातले हाशिम खान ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या क्लबात स्क्वॉशच्या कोर्टावर बॉल वेचून आणणारा मुलगा म्हणून लागले. १९४४ साली ते मुंबईत आले आणि अखिल भारतीय स्पर्धा जिंकून गेले. १९५१ साली त्यांनी ब्रिटिश ओपन जिंकली. त्या स्पर्धेचे दार व्यावसायिकांना उघडे होते, म्हणून हे नाव आपल्याला माहीत झाले.

बिलियर्ड्समध्ये भारताचे नाव झाले ते १९५८ साली. पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स यांनी कोलकात्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवले. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेले ते पहिले भारतीय. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी तो पराक्रम पुन्हा केला. २००३ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागून आले मुंबईचेच मायकल फरेरा. १९७७, १९८१ आणि १९८३ अशी तीन वेळा ते हौशी जगज्जेते ठरले. १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी एका डावात सलग १,१४९ गुण केले. हौशी खेळाडूने हजाराचा टप्पा ओलांडण्याची ती पहिली वेळ. १९८१ साली त्यांनी पद्मश्री नाकारली. क्रिकेटपटूला पद्मभूषण आणि बिलियर्ड्सच्या जगज्जेत्याला पद्मश्री, हा न्याय त्यांना मान्य नव्हता. १९८३ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पुढे यासीन मर्चंट यांनी १९८९ आणि २००१ साली आशियाई स्नूकर अजिंक्यपद मिळवले, तर २०१३ च्या वर्ल्ड गेम्समध्ये आदित्य मेहता यांनी स्नूकरचे सुवर्णपदक आणले. हेही दोघे मुंबईचेच.

हजार गुणांचा डाव म्हणजे शेकडो फटके. त्यातला एक जरी सटकला की डाव संपला. एवढ्या फटक्यांत ती चामड्याची टिकली जागची हलता कामा नये. ज्या कोणी ती बसवली असेल त्याच्या हाताचे काम त्या गुणांत मिसळलेले असते.

यात वांद्र्याच्या वाचकांना एक गंमत वाटेल. चामड्याशी या उपनगराचा संबंध फार जुना. १८६० च्या दशकात आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर असताना शहरातला कत्तलखाना वांद्र्याला हलवला गेला. १९७१ साली देवनारचा कत्तलखाना सुरू होईपर्यंत तो वांद्र्यातच होता. मिठी नदीच्या पलीकडे धारावी. तिथे चामडे कमावण्याचे कारखाने उभे राहिले. पुढे कमावण्याचे बरेचसे काम शहराबाहेर गेले, तरी पट्टे, पाकिटे आणि पिशव्या करणारे हात तिथे आहेतच. आणि नदीच्या अलीकडे टेबलावरच्या क्यूला जी टिप लागे, ती मात्र फ्रान्सची, इंग्लंडची किंवा शिकागोची! शिकागोची ‘एल्क मास्टर’ ही निळसर टिप स्नूकरवाल्यांची जुनी आवडती. आता जपानी टिपाही मिळतात. डुकराच्या कातड्याचे पातळ थर एकावर एक चिकटवून त्या केलेल्या असतात. त्या लवकर पसरत नाहीत, पण महाग पडतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. साहित्य घरातलेच: धारदार ब्लेड किंवा कटर, बारीक आणि मध्यम पॉलिश पेपर, फेव्हिक्विकसारखा झटपट चिकटणारा गोंद आणि नवी टिप. टिप घेताना क्यूच्या टोकाचे माप घ्या. स्नूकरच्या क्यूला साधारण नऊ-दहा मिलिमीटरची टिप लागते, पूलच्या क्यूला बारा-तेराची. माप नेमके जुळत नसेल तर किंचित मोठी घ्यावी. मोठी तासता येते, लहान वाढवता येत नाही.

जुनी टिप ब्लेडने काढावी. ब्लेड बोटांकडे नव्हे, बोटांपासून दूर ओढावे. टिपेखाली पितळेची किंवा प्लॅस्टिकची जी टोपी असते तिला फेरूल म्हणतात. तिच्या माथ्यावर जुन्या गोंदाचा थर असतो. तो पूर्ण खरवडून काढावा आणि माथा सपाट करावा. घाई करणारे इथेच फसतात. माथा जरा जरी उंचसखल राहिला तरी खाली पोकळी राहते आणि आठवड्यात टिप उडते. मग नव्या टिपेची खालची बाजू पॉलिश पेपर सपाट जमिनीवर ठेवून त्यावर घासावी, म्हणजे गोंद धरेल. फेरूलभोवती कागदी चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे ओरखडे पडणार नाहीत.

गोंदाचा एकच थेंब पुरे. टिप मध्यावर ठेवून मिनिटभर घट्ट दाबावी. बोटे चिकटणार नाहीत याची काळजी घ्यावी, नाहीतर टिपेऐवजी आपणच क्यूच्या टोकाला बसू. मग काही तास क्यूला हात लावू नये; रात्रभर ठेवली तर उत्तमच.

दुसऱ्या दिवशी क्यू उलटी धरून टिप लाकडी फळीवर टेकवावी आणि बाहेर आलेली कड ब्लेडने वरून खाली, थोडी थोडी कापावी. नंतर कड पॉलिश पेपरने फेरूलच्या बरोबरीत आणावी. कडेला किंचित पाणी लावून चामड्याच्या तुकड्याने जोरात घासले की ती कड घट्ट होते आणि पुढे कुत्र्याच्या छत्रीसारखी पसरत नाही. शेवटी माथ्याला गोलाई द्यायची. अमेरिकेतले पूलवाले पाच सेंटांचे ‘निकेल’ नाणे बाजूला धरून गोलाई जुळवतात. आपले २०११ नंतरचे एक रुपयाचे नाणे जवळपास तेवढेच आहे. ते टिपेशेजारी धरा आणि दोन्ही कमानी जुळेपर्यंत घासा. माथा थोडा खरखरीत राहू द्या, चॉक धरायला. नवी टिप पहिले काही दिवस दबते, तेव्हा आठवड्याने गोलाई पुन्हा पाहावी.

वांद्र्याला समुद्र लागून आहे आणि पावसाळ्यात हवा ओली. चामडे ओल शोषते आणि मऊ पडते. म्हणून त्या चार महिन्यांत क्यू खिडकीपाशी न ठेवता कपाटात, कोरड्या जागी ठेवावी.

इतके सगळे वाचून हात सरसावले असतील तर चांगलेच आहे. पण एक सुचवावेसे वाटते. तुमच्या जवळपासच्या जिमखान्यात किंवा क्लबात एखादे वयस्कर मार्करकाका असतील, तर पहिली टिप त्यांच्यासमोर बसून बदला. ते ब्लेड कसे धरतात, माथा सपाट झाला हे बोटाने कसे ओळखतात, ते पाहा. आणि त्यांना विचारा, “काका, हे तुम्हाला कोणी शिकवले?” ते कोणा जुन्या मार्करचे नाव सांगतील. ते नाव कोणत्याही फलकावर नसेल. ते लिहून ठेवा.